नुआगावच्या रस्त्याचा टायर

ते दुकानात आले की आधी उकिडवे बसायचे. खुर्ची दिली तरी नको म्हणायचे. समोरच्या टायरवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान जवळ न्यायचे, मग अंगठा खाचांमधून सावकाश फिरवायचे. मी काही बोलायला गेले की हात वर करून थांबवायचे. "घाई न्हाई, ताई. आधी बघू द्या."

परभणीत जिंतूर रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. दुकान वडिलांचं. त्यांच्यामागे ते माझ्या धाकट्या भावाकडे जायचं होतं. तो गेला, म्हणून गल्ल्यावर मी बसले. बाई टायर विकते म्हटल्यावर लोक दोन प्रकारे वागतात. काही जण माझ्याशी न बोलता थेट आमच्या फिटरशी, रज्जाकभाईंशी बोलतात. काही जण मला टायर या विषयावर शिकवू लागतात. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हे गृहस्थ दोन्हींत बसत नव्हते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "टायर कवा बनला, ते कुठं लिवलेलं असतंय?"

मी त्यांना टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यांनी खिशातून चष्मा काढला, आपल्याच गाडीचे आकडे वाचले. मागचा टायर सात वर्षांचा निघाला. खाचा चांगल्या खोल होत्या, पण रबर वाळून त्याला केसासारख्या भेगा गेल्या होत्या.

"भेगा मला दिसल्या हुत्या," ते म्हणाले. "पण वय ठाऊक नव्हतं."

ते पूर्णेचे. रेल्वेत चावीवाले होते. म्हणजे रोज ठरलेल्या टप्प्यात रुळाच्या कडेनं चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक चावी पाहायची, ढिली असेल ती हातोड्यानं ठोकायची, तडा दिसला तर गाडी थांबवायची. पस्तीस वर्षं त्यांनी पिंगळीच्या बाजूची लाईन पायी तपासली. टायर ठोकून ऐकायची सवय तिकडचीच. निवृत्त झाल्यावर त्यांनी औरंगाबादेतल्या कुण्या हौशी डॉक्टरची जुनी मोटारसायकल घेतली. लांब पल्ल्याची, मोठ्या टाकीची, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. त्यांच्या बारक्या देहाखाली ती म्हशीसारखी दिसायची.

"काका, तुम्हाला रेल्वेचा पास असेल ना," मी म्हणाले. "मग एवढी मोठी गाडी कशाला?"

"रुळावर वळता येत न्हाई, ताई."

मला ते उत्तर फार आवडलं. मी ते दोन-चार गिऱ्हाइकांना सांगितलंही. त्यात किती खरं होतं, ते मला नंतर कळलं.

त्या आकाराचे टायर आमच्याकडे सहसा लागत नाहीत, हैदराबादहून मागवावे लागतात. त्यामुळे नीट विचारून घेणं भाग होतं. डांबरी रस्त्याचा कडक टायर घेतला तर तो खूप चालतो, पण चिखलात घसरतो. बटन टायर मातीला धरतो, पण डांबरावर आवाज करतो आणि लवकर झिजतो. दोन्हींच्या मधलेही मिळतात. कुठं जाणार, ओझं किती, मागे कोण बसणार, हे कळल्याशिवाय मी सांगणार काय?

"लांब जायचंय," ते म्हणाले.

"रस्ता कसा आहे?"

"ठाऊक न्हाई."

"गाव कोणतं?"

"त्येच हुडकायचंय."

तीन वेळा ते आले, तीन वेळा उकिडवे बसले, दुकानातल्या प्रत्येक टायरला टकटक केलं आणि न घेता गेले. तिसऱ्या वेळी रज्जाकभाईंना राहवलं नाही. हातातली टायर उचकटायची टॉमी खाली ठेवून ते म्हणाले, "चाचा, टायर देख रहे के दामाद?"

काका हसले. खूप हसले. मग हसू थांबल्यावर तिथंच, टायरच्या थप्पीला टेकून, त्यांनी सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी, सकाळच्या फेरीला, पिंगळीच्या पुढं त्यांना रुळाशेजारी एक माणूस पडलेला दिसला. पंचविशीतला असेल. गाडीच्या दारातून पडला होता. त्यांच्या नोकरीत अशी माणसं त्यांनी बरीच पाहिली होती. बहुतेकांच्या शेजारी पोलीस येईपर्यंत नुसतं बसून राहायचं, कुत्री हाकलायची, एवढंच काम असे. हा जिवंत होता. त्यांनी जाणाऱ्या गाडीला हात करून निरोप पाठवला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मदत यायला पाऊण तास लागला. ती पोचायच्या जरा आधीच तो गेला.

"हिंदीत इचारलं, नाव काय. सुदाम म्हणाला. म्हणलं आपल्याकडलंच नाव. गाव इचारलं तर म्हणाला, ओडिशा, नुआगाव. मंग पुढं एकच बोलायला लागला. बोउकू कहिबनी. बोउकू कहिबनी. पाणी पाजलं तरी त्येच. माजा हात धरून त्येच."

"म्हणजे काय?"

"कहि म्हंजी सांगणं. बोउकू कुणाचं तरी नाव असंल. बायको असंल, भाऊ असंल. बोउकूला सांग म्हणायलाय, असं मला समजलं. मी हो म्हणलो, ताई. तोंडानं हो म्हणलोय मी त्याला."

पोलिसांनी नुआगावला कळवलं. पण नुआगाव म्हणजे आपल्याकडच्या पिंपळगावासारखं. तिकडं दर तालुक्यात एक. कुठूनच उत्तर आलं नाही. बेवारस म्हणून त्याला पुरलं, तेव्हा हजर असलेल्या चार माणसांत हे एक होते. पुढं नोकरी, मुलीचं लग्न, बायकोचं दुखणं यात आठ वर्षं गेली. ते दोन शब्द मात्र ते रोज रुळावरून चालताना म्हणत राहिले, विसरू नये म्हणून. आता गाडी घेतली होती ती एकेक नुआगाव पालथं घालायला. आगगाडी स्टेशनपर्यंत नेते, पुढं काय? पेटीत दुधाच्या पावडरीचा एक डबा होता, त्यात त्यांनी सुदामला पुरलं तिथली माती घेतली होती. मी ओझं किती असं विचारलं होतं, त्याचं उत्तर तो डबा उघडून दाखवत त्यांनी दिलं.

मी त्यांना दोन्हींच्या मधला टायर दिला. आत ट्यूबवाला, म्हणजे कुठल्याही खेड्यात पंक्चर काढता येईल. हैदराबादहून मागच्या चाकाचे दोन टायर मागवले, एक बसवला आणि पुढं लागेल म्हणून दुसरा, त्यांना न बोलता, वरच्या फळीवर ठेवला. हवा किती ठेवायची ते त्यांनी माझ्याकडून चारदा म्हणवून घेतलं.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी चार नुआगावं पाहिली. परत आले ते काळे पडून, पण खुशीत. एका गावात त्यांना चोर समजून पकडलं, दुसऱ्यात शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून बसवलं, हे ते स्वतःच रंगवून सांगायचे. रज्जाकभाई त्यांच्यासाठी चहा आणायला स्वतः उठू लागले. चाचा आले की आमच्या दुकानाला सुटी असल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात ते ठरल्याआधीच परतले.

दुपारची वेळ होती. त्यांनी गाडी लावली, पण उकिडवे बसले नाहीत. मी दिलेल्या खुर्चीवर बसले. मागचा टायर मधोमध घासून सपाट झाला होता.

"सापडलं?" मी विचारलं.

"न्हाई. सातव्या गावात एक मास्तर भेटला. हिंदी चांगली बोलायचा. त्याला म्हणलं, बोउकू नावाचं कुणी हाय का हितं. त्यो म्हणला, पूर्ण वाक्य सांगा. मी सांगितलं." ते थांबले. "बोउ म्हंजी आई, ताई. आणि कहिबनी म्हंजी सांगू नका."

आईला सांगू नका.

आठ-दहा वर्षं हा माणूस जो निरोप पोचवायला जपत होता, तो निरोप पोचवू नका असाच होता.

"मी तिथूनच गाडी वळिवली. पण आर्ध्या वाटंवर दुसरं मनात याया लागलं. आईला न्हाई, पण भावाला तर सांगता येतंय. ती माय वाट बघायली असंल. माज्या यादीतली तीन गावं ऱ्हायलीत. उन्हाळ्याच्या आत जाऊन येतो. तुमी टायर तेवढा बसवून द्या. ह्याच्यावर न्हाई जाता यायचं."

आता मला माझ्याविषयी सांगितलं पाहिजे. माझा भाऊ पुण्याला अपघातात गेला तेव्हा आईला सांगायचं की नाही यावर घरात वाद झाला होता. सांगा, असा हट्ट मी धरला. मीच सांगितलं. आईनं ऐकलं, उठून चुलीवरचं दूध उतरवलं आणि त्या दिवसापासून जेवण टाकलं. अडीच महिन्यांत ती गेली. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की काही आयांना सांगायचं नसतं. सुदामला मरताना जे कळलं ते मला जिवंतपणी कळलं नव्हतं, असं मला वाटायचं.

काका ओडिशात जाऊन कुठल्याशा घराच्या ओसरीवर बसलेत आणि एक म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघते आहे, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. भावाला सांगितलेलं आईला कळल्यावाचून राहतं थोडंच.

टायर माझ्या डोक्यावर, वरच्या फळीवर होता. मी म्हणाले, "काका, तो आकार आता नाही. हैदराबादेतही नाही. दिवाळीनंतर येईल म्हणतात."

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून ते पंक्चर लावत राहिले.

"दिवाळीनंतर?" काका म्हणाले. "लय लांबलं की."

"दुसरा कसला तरी देऊ शकते. पण तो धरायचा नाही."

"न्हाई न्हाई. मंग थांबतो. चुकीचं बसवून कशाला जायचं."

दुसरा कोणी असता तर त्याच झिजलेल्या टायरवर निघाला असता. पस्तीस वर्षं रूळ तपासलेला माणूस तसं करणार नाही, हे मला ठाऊक होतं. माझं खोटं त्यांच्या त्या सावधपणावरच उभं होतं. वर्षभरात त्यांचं मन निवेल, विषय मागं पडेल, असा माझा हिशेब होता.

तो फसला. दिवाळीची रोषणाई उतरायच्या आत ते दुकानात हजर. आता फळीवरचा टायर द्यावा तर त्यावरचे चार आकडे ते वाचणार आणि तो दोन वर्षांपूर्वीचा निघणार. मीच शिकवलं होतं. म्हणून मी हैदराबादहून नवा मागवला. वरचा टायर त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कापून टाकायला सांगितला, तेव्हा रज्जाकभाई म्हणाले, "ताई, माल तो अच्छा है."

"कापा."

त्यांनी कापला.

काकांनी नवा टायर ठोकला, ऐकला, आकडे वाचले आणि खूश झाले. "एकदम ताजा हाय की. वर्ष थांबलो, पण बरं झालं." रज्जाकभाई हवा भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दीड महिन्यानं ते परत आले. गाडी स्टँडवर लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

आठव्या नुआगावातच घर सापडलं होतं. ज्या मास्तराकडून ते मागं फिरले होते, तिथून अठरा किलोमीटरवर. नदी ओलांडून मातीचा रस्ता, टायरनं उत्तम धरलं, हेही त्यांनी सांगितलं. सुदामचा थोरला भाऊ शेतावरून आला. मास्तराला ते सोबत घेऊन गेले होते, त्यानं सगळं उलगडून सांगितलं. भाऊ रडला नाही. त्यानं मातीचा डबा घेतला आणि कितीतरी वेळ मांडीवर धरून बसून राहिला.

"आई?" मी विचारलं.

"पावसाळ्यात गेली. चार महिनं झालं हुतं." ते हाताच्या तळव्याकडे बघत बोलत होते. "त्यांना कुणालाच ठाऊक नव्हतं, ताई. पोरगा मोठ्या शहरात गेला, तिकडं बायको केली आन घर विसरला, असंच समजत हुते समदे. म्हातारी सुरुवातीला स्टेशनावर जाऊन बसायची म्हणं. मंग सोडलं तिनं. शेवटी शेवटी त्याचं नाव काढलं की ताट सारायची. त्यानं मला टाकलं म्हणायची. त्येच म्हणत गेली."

रज्जाकभाई उठून दुकानाच्या मागे गेले.

"आन त्यो मांडीवर तिचंच नाव घेत हुता," काका म्हणाले. "पाऊण तास."

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ते त्याच वेळी. मी चहा मागवला.

त्यानंतर ते फारसे कुठं गेले नाहीत. अधूनमधून यायचे, टायर ठोकायचे, पण बसायचे खुर्चीवर. पूर्णेहून मला गिऱ्हाइकं पाठवायचे. रेल्वेतली माणसं यायची आणि म्हणायची, "चावीवाल्या काकांनी सांगितलंय, त्या ताईकडं जा. थांबायला लावतील, पण खोटं सांगणार न्हाईत." मी त्या माणसांना नेहमीपेक्षा नीट माल द्यायचे. त्यानं काय होणार होतं?

गेल्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. फुप्फुसं निकामी होत आली होती. मी स्कूटर काढून पूर्णेला गेले. वाटेत ठरवून टाकलं होतं की आज सांगायचं.

दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खिडकीशी खाट. दारात ती मोटारसायकल चादर घालून ठेवलेली. त्यांच्या पत्नीनं मला ओळखलं. "टायरच्या ताई ना? लय सांगतेत तुमचं." शेजारची दोन माणसं बसली होती. काकांनी धापा टाकत त्यांनाही माझी ओळख करून दिली, कौतुकानं. मग ती माणसं उठून गेली, पत्नी चहा टाकायला आत गेली आणि ते म्हणाले, "ताई, एक इचारतो. तुमी खरं बोलता म्हणून इचारतो. मी उशीर केला का?"

"तुम्ही नाही," मी म्हणाले. "उशीर मी केला. टायर होता, काका. त्या वेळी दुकानात होता."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"हुता?"

"वरच्या फळीवर. मी मुद्दाम दिला नाही. मला वाटलं, त्या आईला कळू नये. माझ्या आईला मी सांगितलं होतं आणि ती..."

ते रागावले नाहीत. छातीत घरघर चालू होती. मग त्यांनी हळूहळू कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. पत्नी चहा घेऊन आली. त्यांना झोप लागलीय असं समजून ती हलक्या आवाजात बोलू लागली. मी चहा प्यायले. कपातला शेवटचा घोट संपेपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. सदऱ्याखाली पाठीची हाडं वर-खाली होत होती. झोपलेल्या माणसाची पाठ तशी हलत नाही.

मी उठले. उंबऱ्यापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"ताई."

मी वळले. तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"सावकाश जावा. नाक्याच्या पुढं खडी टाकलीय म्हणं. स्कूटरचं चाक सरकतंय."

एवढंच. अंथरुणावरूनही ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्ता कसा आहे ते विचारत असत, हे त्यांच्या पत्नीनं मला नंतर सांगितलं. अकराव्या दिवशी ते गेले. मला माफ केलं की नाही, ते मला कळलेलं नाही, आणि ते त्यांच्या त्या एका वाक्यातून काढायचा हक्क मला आहे असंही वाटत नाही.

त्या दिवशी नाक्यापुढं खडी खरंच होती. चांगली फर्लांगभर. मी स्कूटर बंद केली, खाली उतरले आणि उन्हात ती हातानं ढकलत पलीकडे नेली.